ऑटिझमचं कारण आणि आईचा दोष



आजचा विषय जरा नाजूक आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या नात्यात, शेजारात, कदाचित घरातच ऑटिझम असलेलं मूल असेल. ते घर इंदूरला असो, बडोद्याला, बेळगावला की हैदराबादला, त्या घरातल्या आईला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "हे कशामुळे झालं हो?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण आईला त्यात दुसराच प्रश्न ऐकू येतो: "तुमचं काय चुकलं?"

कारण वेगळं आणि दोष वेगळा. पण ऑटिझमच्या बाबतीत गेली ऐंशी वर्षं या दोन गोष्टींची सरमिसळ होत आली आहे. सध्या व्हॉट्सॲपवर आणि व्हिडिओंमधून एक वाद जोरात आहे. एक बाजू म्हणते, ऑटिझम जनुकांत आहे. दुसरी म्हणते, तो पोटात आहे, आतडी सुधारा म्हणजे मूल सुधारेल. हा वाद समजून घ्यायचा तर आपल्याला १९४३ पासून सुरुवात करावी लागेल.

एका लेखात तीन धागे

ऑटिझम हा शब्द त्याहून जुना आहे. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी बनवला. आपला 'स्वमग्नता' हा शब्दही त्याच अर्थाचा. ऐकताना असं वाटतं की मूल आपणहून स्वतःत गुंतून बसलंय. तसं ते नसतं, हे आधीच सांगून ठेवतो.

१९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर एक लेख लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. माणसांशी जुळवून घेणं अवघड, रोजच्या क्रमात जराही बदल झाला की कासावीस होणं, पण काही बाबतींत स्मरणशक्ती विलक्षण. सोव्हिएत संघात ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२० च्या दशकातच अशा मुलांचं वर्णन केलं होतं आणि व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांचा लेख १९४४ साली आला. पण जगभर पसरला तो कॅनर यांचा लेख.

हा लेख आज वाचला तर एक गंमत लक्षात येते. पुढच्या ऐंशी वर्षांचे सगळे वाद त्यात बीजरूपाने आहेत. पहिला धागा: ही मुलं जन्मतःच भावनिक नातं जोडण्याच्या बाबतीत वेगळी असतात, असं कॅनर लेखाच्या शेवटी म्हणतात. दुसरा धागा: या मुलांचे आईवडील फार शिकलेले आहेत, पण मायेची ऊब असलेले त्यांच्यात थोडेच, असंही ते नोंदवतात. आणि तिसरा: ११ पैकी सहा मुलांना अगदी सुरुवातीपासून खाण्यापिण्याचा मोठा त्रास होता. एका मुलीला तर वर्षाची होईपर्यंत नळीने अन्न द्यावं लागलं होतं.

बीज, आई आणि पोट. तिन्ही गोष्टी कागदावर होत्या. समाजाने उचलली ती मधली, आई.

फ्रिजमधली मुलं

१९४९ च्या एका लेखात कॅनर यांनी ही मुलं जणू रेफ्रिजरेटरमध्ये ठेवल्यासारखी वाढतात, अशी उपमा वापरली. उपमा गाजली. त्यातून 'रेफ्रिजरेटर मदर', म्हणजे फ्रिजसारखी थंड आई, हा शब्दप्रयोग रुळला. त्या काळात अमेरिकेत फ्रॉइडच्या विचारांचा जबरदस्त प्रभाव होता. मुलाच्या मनातली प्रत्येक गाठ आईपाशी सुटते, असं मानलं जाई.

हा विचार टोकाला नेला शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी. ते स्वतः १९३८-३९ मध्ये नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांत राहून आलेले. १९६७ साली 'द एम्प्टी फॉर्ट्रेस' या पुस्तकात त्यांनी ऑटिझम असलेल्या मुलाची स्थिती छावणीतल्या कैद्यासारखी असते, असं मांडलं. आता छावणीतला कैदी मूल असेल, तर पहारेकरी कोण? वाचणाऱ्या प्रत्येक आईला उत्तर कळत होतं. उपाय काय, तर मुलाला आईवडिलांपासून दूर ठेवणं.

जरा कल्पना करा. मूल बोलत नाही, रात्र रात्र झोपत नाही. आई त्याच्यामागे दिवसभर धावतेय. डॉक्टरकडे जावं, तर तो मुलाला बाहेर बसवून आईलाच विचारतो, तुम्हाला हे मूल मनापासून हवं होतं का? अमेरिकेतल्या आयांची एक अख्खी पिढी या प्रश्नाखाली जगली. आणि याला पुरावा काय होता? कुणी शंभर थंड आया आणि शंभर प्रेमळ आया घेऊन तुलना केली होती का? नाही. मूल प्रतिसाद देत नाही म्हणून आई हळूहळू गप्प झाली असेल, म्हणजे बाण उलट दिशेचा असेल, हेही फारसं कुणी तपासलं नाही. ही उलट्या बाणाची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

एक बाप आणि २१ जुळी

हा पगडा मोडायला सुरुवात केली एका बापाने. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या मुलाला ऑटिझम होता. आपली बायको थंड आहे, हे त्यांना काही पटेना. मिळेल ते संशोधन त्यांनी वाचून काढलं आणि १९६४ साली 'इन्फंटाइल ऑटिझम' हे पुस्तक लिहिलं. म्हणणं सरळ होतं: हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे, संगोपनाचा नाही. विशेष म्हणजे या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती खुद्द कॅनर यांनी. पुढे १९६९ साली पालकांच्या एका सभेत कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केलं.

पण मेंदूची घडण वेगळी का? इथे जनुकं आली, म्हणजे आपले जीन्स. त्या वेळच्या डॉक्टरांना वाटे की यात आनुवंशिकता नसावी, कारण ऑटिझम असलेल्या मुलाच्या भावंडांत तो क्वचितच दिसतो. १९७७ साली लंडनमध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनभरातून जुळ्यांच्या २१ जोड्या शोधल्या. प्रत्येक जोडीत निदान एकाला ऑटिझम होता. एकाच बीजांडातून झालेल्या, हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्या होत्या. त्यातल्या चार जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगळ्या बीजांडांतून झालेल्या दहा जोड्यांत अशी एकही नव्हती.

अवघ्या २१ जोड्या, पण चर्चेची दिशा बदलली. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना आई एकच, घर एकच, दूध एकच. फरक जनुकांच्या साम्यात.

त्यानंतरचे अभ्यास फार मोठे झाले. २०१९ साली डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्राएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या मिळून सुमारे २० लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलामुलांत ऑटिझमच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ८० टक्के जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, असं त्यात निघालं. जनुकं सोडून केवळ आईमुळे पडणारा वेगळा प्रभाव किती? एक टक्क्याच्या आसपास. सगळे अभ्यास हाच आकडा देत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या जुळ्यांच्या १९२ जोड्यांच्या २०११ मधल्या अभ्यासात जनुकांचा वाटा बराच कमी आणि जुळ्यांच्या सामाईक परिस्थितीचा जास्त निघाला होता. पण जनुकांचा वाटा मोठा आहे, याबद्दल आज संशोधकांत फारसं दुमत नाही.

८० टक्के म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घेऊ या. एखाद्या मुलाचा ऑटिझम ८० टक्के जनुकांमुळे आणि २० टक्के खाण्यामुळे, असा त्याचा अर्थ नाही. तो आकडा हजारो मुलांमधल्या फरकाचा आहे, एका मुलाचा नव्हे. शिवाय 'ऑटिझमचं जनुक' असं एकच नसतं. २०२० साली ३५ हजारांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात ऑटिझमशी संबंध असलेली १०२ जनुकं सापडली.

आणि आपल्या समाजासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही: जनुकातला प्रत्येक बदल वाडवडिलांकडून आलेला नसतो. काही बदल त्या मुलातच पहिल्यांदा घडलेले असतात. आईतही नाहीत, बापातही नाहीत.

हे मी मुद्दाम सांगतोय. अमेरिकेत 'जनुकं' हा शब्द आयांची सुटका करणारा ठरला. आपल्याकडे 'आनुवंशिक' म्हटलं की लोकांना खानदान आठवतं. "आमच्या घराण्यात असं कुणी नाही", म्हणजे तुमच्याकडून आलं, हे वाक्य सुनेलाच ऐकावं लागतं. मुलाच्या आत्याचं किंवा मावशीचं लग्न अडेल म्हणून निदानच लपवलं जातं. थंड आईच्या जागी खोट असलेलं माहेर आलं, एवढाच काय तो बदल. विज्ञान असं काहीही म्हणत नाही.

पोटाची पाळी

आता पोटाकडे येऊ. जनुकांनी आईला सोडवलं, पण तिच्या हातात काही दिलं नाही. जनुकं बदलता येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, थेरपी करा, धीर धरा. समोर मूल पोट धरून रडतंय, आठवडाभर शौचाला झालेली नाही. अशा वेळी कुणी सांगितलं की सगळं मूळ पोटात आहे, तर आई का ऐकणार नाही?

आणि पोटाचा त्रास खरा आहे. ऑटिझम असलेल्या मुलांत बद्धकोष्ठता, जुलाब, पोटदुखी इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. प्रश्न एवढाच आहे की तो ऑटिझमचं कारण आहे, परिणाम आहे, की दोन्ही एकाच मुळातून आले आहेत.

१९९८ हे वर्ष इथे महत्त्वाचं. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या.

पहिली लंडनची. अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात १२ मुलांवर लेख छापला. त्यात आतड्याची सूज, वागणुकीतला बदल आणि गोवराची एमएमआर लस यांची सांगड घातली होती. पुढे पत्रकार ब्रायन डिअर यांनी उघड केलं की मुलांच्या नोंदी बदललेल्या होत्या आणि लसकंपन्यांविरुद्ध दावा लढणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते. २०१० साली 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढलं गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला, लसीचा संबंध आढळला नाही. पण लसीकरण घटलं आणि ब्रिटनमध्ये गोवर परतला. वर पोट आणि ऑटिझम हा विषयच बदनाम झाला, ते वेगळं. खरी पोटदुखी असलेल्या मुलांचं त्यात नुकसानच झालं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, आणि मला ती जास्त शिकवणारी वाटते. सिक्रेटिन हे पचनाशी संबंधित एक संप्रेरक. पोटाच्या तपासणीसाठी ते तीन मुलांना दिलं गेलं आणि तिघांच्या बोलण्यात, नजर देण्यात सुधारणा दिसल्याचं १९९८ साली छापून आलं. टीव्हीवर कार्यक्रम झाला. हजारो पालक सिक्रेटिनच्या मागे लागले.

मग १९९९ च्या डिसेंबरात नीट चाचणी झाली. ६० मुलं. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं हे पालकांनाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही. चार आठवड्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांत वागणुकीच्या तक्रारी कमी झालेल्या! मिठाच्या पाण्याच्या गटात उलट जरा जास्तच. मुलं वाढत असतात, काही आठवडे बरे जातात, काही वाईट. त्यात पालक आशेने पाहत असले की चांगलं तेवढं टिपलं जातं. यात खोटेपणा नाही, माणसाचं मनच तसं आहे.

आणि पुढचं ऐका. हा निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले, आम्हाला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे. त्यांना अडाणी म्हणू नका. दुसरं कुणी त्यांना करण्यासारखं काही सांगत नव्हतं.

दूध, पोळी आणि स्वयंपाकघर

याच सुमारास पथ्याची लाट आली. गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसीन नीट पचत नाही, त्यातून अफूसारखा परिणाम करणारे तुकडे मेंदूपर्यंत पोहोचतात, असा तर्क १९७० च्या दशकाच्या शेवटापासून मांडला जात होता. या प्रचाराला बळ देणाऱ्यांत कोण होतं? तेच बर्नार्ड रिमलंड. ज्यांनी आईला दोषातून सोडवलं, तेच पुढे जीवनसत्त्वं, पथ्यं आणि लसींवरचा संशय यांकडे वळले. कारण शोधण्याची त्यांची तळमळ खरी होती. पण प्रत्येक नव्या उपायाला त्यांनी तीच कठोर कसोटी लावली नाही.

आपल्या घरात या पथ्याचा अर्थ काय होतो पाहा. पोळी बंद, शिरा बंद, बिस्किट बंद. दूध, दही, ताक, पनीर बंद. ज्वारी, बाजरी, नाचणीत ग्लुटेन नसतं, म्हणून भाकरीच्या घरात निदान सोय होते. गव्हावर आणि दुधावर चालणाऱ्या उत्तरेतल्या घरात तेवढीही नाही. त्यात मूल आधीच चार पदार्थांच्या पलीकडे काही खात नाही. आणि या पथ्याने ऑटिझमची लक्षणं कमी होतात, हे काटेकोर चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. ज्या मुलाला खरोखर सीलिअ‍ॅकचा आजार किंवा दुधाची अ‍ॅलर्जी आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याला पथ्य हवंच, ऑटिझम असो वा नसो.

पण पथ्य फसलं की काय होतं? "तू नीट पाळलं नसशील", "शेजारच्यांनी लाडू दिला, तुझं लक्ष कुठे होतं?" फ्रिजसारखी थंड आई गेली आणि स्वयंपाकघरात चुकणारी आई आली. दोष फिरून तिच्याच पदरात.

आतड्यातले जिवाणू

अलीकडचा अध्याय जिवाणूंचा. आपल्या आतड्यात अब्जावधी सूक्ष्मजीव असतात आणि त्यांचा मेंदूशी संबंध असतो, हे संशोधन गंभीर आहे. २०१३ साली अमेरिकेत कॅलटेकमध्ये उंदरांवर प्रयोग झाला. ऑटिझमसारखं काही वागणं असलेल्या उंदरांना एक विशिष्ट जिवाणू दिल्यावर त्यातलं काही वागणं बदललं. २०१७ साली अ‍ॅरिझोनात १८ मुलांना निरोगी माणसांच्या आतड्यातले जिवाणू दिले. पोटाच्या तक्रारी खूप कमी झाल्या, वागणुकीतही सुधारणा नोंदवली गेली. बातम्या जगभर गेल्या.

पण त्या चाचणीत मिठाच्या पाण्याचा गट नव्हता. काय दिलं जातंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिक्रेटिनची गोष्ट ऐकल्यावर याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेल.

मग २०२१ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. २४७ मुलं: काहींना ऑटिझम, काही त्यांची भावंडं, काही इतर. शौचाचे नमुने तपासले, जनुकं तपासली आणि मुलं काय खातात तेही लिहून घेतलं. ऑटिझमचा जिवाणूंशी थेट संबंध फारच थोडा निघाला. आहाराचा मात्र स्पष्ट निघाला. ज्या मुलाला ठरावीक चवी, ठरावीक पोत एवढंच चालतं, ते मोजकं खातं. मोजकं खाल्लं की आतड्यातल्या जिवाणूंची विविधता कमी होते. म्हणजे जिवाणूंमुळे ऑटिझम नव्हे, तर ऑटिझममुळे जेवण वेगळं आणि जेवणामुळे जिवाणू वेगळे. मघाशी म्हटलेला उलटा बाण तो हाच.

मग पोट आणि जनुकं एकमेकांचे शत्रू आहेत का? तसंही नाही. सीएचडी८ नावाचं एक जनुक आहे. त्यात बिघाड असलेल्या मुलांत ऑटिझमही दिसतो आणि बद्धकोष्ठतेसारखे त्रासही. २०१४ साली झेब्राफिश नावाच्या छोट्या माशांत हेच जनुक दुबळं केलं, तर त्यांच्या आतड्यातल्या चेतापेशी कमी झाल्या आणि आतड्याची हालचाल मंदावली. आतड्यालाही स्वतःचं चेतातंतूंचं जाळं असतं. एकच जनुक दोन्ही ठिकाणी काम करत असेल, तर दोन्ही ठिकाणी फरक पडणारच. निदान काही मुलांच्या बाबतीत 'जनुकं की पोट' हा प्रश्नच चुकीचा आहे.

आपण काय करायचं

भारतात १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याने ऑटिझमला मान्यता दिली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तो आहे. प्रमाणपत्र मिळतं, शाळेतल्या सवलती मागता येतात. पण बाजारही तितक्याच वेगाने वाढला आहे. उद्या तुमच्या फोनवर नवा उपाय येईल. तेव्हा तीन प्रश्न विचारा. तुलना कुणाशी केली, मिठाच्या पाण्याचा गट होता का? बाण उलट असू शकतो का? आणि उपाय लागू पडला नाही, तर दोष कुणाच्या माथी जाणार? तिसऱ्याचं उत्तर 'आईच्या' असं येत असेल, तर सावध व्हा.

मुलाचं पोट दुखत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि उपचार करा. २०१० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून हेच सांगितलं होतं: पोटाच्या तक्रारी 'ऑटिझमच आहे, चालायचंच' म्हणून सोडून देऊ नका, इतर मुलांइतक्याच काळजीने त्या तपासा. बोलता न येणारं मूल डोकं आपटतं, चावतं, त्यामागे कधी कधी साधी बद्धकोष्ठता असते. ती बरी झाली की मूल शांत झोपतं. त्याचा ऑटिझम गेलेला नसतो, त्याचं पोट दुखायचं थांबलेलं असतं. एवढ्यासाठीही उपचार करायलाच हवा.

आणि अशा घरी गेलात, तर "कशामुळे झालं?" हे विचारू नका. "आज दोन तास मी याच्याजवळ बसू का?" असं विचारून पाहा. त्या आईला दोन तासांची झोप मिळेल.